आरोपपत्रावर सही करणारे साहेबच चौकशी अधिकारी असतील, तर बडतर्फी टिकते का?

प्रश्न : चाकणचा ऑपरेटर

नमस्कार. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकण परिसरातील एका कारखान्यात मी दहा वर्षांहून अधिक काळ सीएनसी ऑपरेटर म्हणून कायम नोकरीत होतो. कारखान्यात कायम कामगारच दीडशेच्या वर आहेत. २०२५ च्या जूनअखेरीस दुसऱ्या पाळीत रिजेक्शन वाढल्याच्या कारणावरून प्रॉडक्शन मॅनेजर आणि माझ्यात मशीनपाशीच वादावादी झाली. आवाज ऐकून एचआर मॅनेजर तेथे आले, त्यांनी मला मशीन बंद करून गेटबाहेर जाण्यास सांगितले आणि दुसऱ्या दिवशी निलंबनाचे पत्र हातात पडले. पाठोपाठ आलेल्या आरोपपत्रात अर्वाच्य शिवीगाळ, वरिष्ठांना धमकावणे आणि शिस्तभंग असे आरोप होते, आणि त्यावर सही त्याच एचआर मॅनेजरांची होती. मी लेखी खुलासा देऊन आवाज चढल्याचे मान्य केले, मात्र शिवी दिल्याचे व धमकावल्याचे नाकारले. खुलासा समाधानकारक नसल्याचे कळवून कंपनीने चौकशी लावली आणि चौकशी अधिकारी म्हणूनही तेच एचआर मॅनेजर येऊन बसले.

चौकशी कॅन्टीनमागच्या ट्रेनिंग रूममध्ये झाली. कंपनीतर्फे बाजू मांडणारा वेगळा प्रतिनिधी नव्हता, त्यामुळे प्रॉडक्शन मॅनेजरांची जबानी चौकशी अधिकाऱ्यांनीच घेतली आणि त्यातले बरेचसे प्रश्न "त्याने तुम्हाला शिवी दिली ना?" अशा थाटाचे होते. माझ्या खात्यातील एका सहकाऱ्याला मदतीसाठी सोबत बसू द्यावे, ही माझी विनंती "प्रकरण साधे आहे, तुम्हाला स्वतःला बोलता येते" असे सांगून फेटाळण्यात आली. शेजारच्या मशीनवर त्या वेळी एअर गन चालू होती, म्हणून मी मोठ्याने बोललो, असे मी जबानीत सांगितले. टाइप मात्र "मी साहेबांशी मोठ्या आवाजात बोललो हे मला मान्य आहे" एवढेच झाले. मी सर्व पानांवर सह्या केल्या, पण त्या एका पानावर सहीखाली पेनाने "माझे पूर्ण म्हणणे लिहिलेले नाही" असे लिहिले. साहेब चिडले, तरी ते पान तसेच राहिले आणि त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे.

दिवाळीनंतर, ऑक्टोबरच्या अखेरीस, बडतर्फीचे पत्र पोस्टाने घरी आले. आरोप सिद्ध झाले असून मागील सेवा समाधानकारक नाही, असे त्यात म्हटले आहे. वास्तविक मला आजवर एकही मेमो मिळालेला नाही. चौकशी अहवालाची प्रत दिलेली नाही. कारखान्यात संघटना नाही. ज्यांनी घटना पाहिली, ज्यांनी आरोप ठेवला, त्यांनीच न्याय केला, हे कायद्यात बसते का, आणि बसत नसेल तर मी कोणाकडे दाद मागावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर : भोसरीचा कार्यकर्ता

दादा, अजिबात बसत नाही. आपल्याकडे खासगी कारखान्यातील चौकशी म्हणजे मालकाच्या घरची बाब, अशी समजूत रुजलेली आहे. त्या चौकशीलाही नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लागू असतात आणि त्यातले पहिलेच तत्त्व असे की कोणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली उत्तर प्रदेशातील एका बडतर्फ हेड कॉन्स्टेबलच्या प्रकरणात अशी चौकशी नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध असल्याचे म्हटले होते. तेथे चौकशी करणारे अधिकारी मध्येच खुर्चीवरून उठून साक्ष देऊन आले, पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनीच निर्णय दिला. कारखान्यातील चौकशीबाबत तर १९६३ चा मीनग्लास चहामळ्याचा निकाल आपल्या प्रकरणाला अधिक जवळचा आहे. ज्या व्यवस्थापकांवर कामगारांनी हल्ला केल्याचा आरोप होता, त्यांनीच चौकशी चालवली होती आणि न्यायालयाने ती चौकशी मोडीत काढली. आपले एचआर मॅनेजर घटनास्थळी हजर होते, म्हणजे ते या प्रकरणातले साक्षीदार आहेत. साक्षीदाराने निवाडा करायचा नसतो.

सहकाऱ्याला बसू न देणे ही दुसरी गंभीर चूक आहे. कंपनीचे स्वतंत्र प्रमाणित स्थायी आदेश (म्हणजे कामगारांच्या सेवाशर्ती व शिस्तीचे लेखी नियम) नसतील, तर मुंबई नियमांतले आदर्श स्थायी आदेश लागू होते. महाराष्ट्रात त्यासाठी किमान पन्नास कामगारांची मर्यादा होती आणि आपल्या कारखान्यात त्याच्या तिप्पट माणसे आहेत. त्या आदेशांनुसार आरोपी कामगाराला त्याच खात्यातील सहकाऱ्याकरवी किंवा तो सभासद असलेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याकरवी बचाव करता येत होता. ही काही साहेबांच्या मर्जीवरची सवलत नव्हती.

एक सूचना करतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उपयोग होईल. चौकशीत सही नाकारून बाहेर पडणे ही आपल्या पोरांची जुनी खोड आहे. मग पुढची चौकशी एकतर्फी होते आणि "कामगाराने सहकार्य केले नाही" असा शेरा कायमचा बसतो. त्यापेक्षा हजर राहावे आणि हरकत त्याच पानावर लिहून मग सही करावी. आपण नेमके तेच केले आहे. त्या झेरॉक्सच्या दोन-तीन प्रती काढून वेगवेगळ्या जागी ठेवा. ही चौकशी न्यायालयात टिकत नाही, आपण पुन्हा कामावर गेलेच म्हणून समजा.

उत्तर : पर्सोनेलमधला माणूस

मी कंपन्यांच्या बाजूने बरीच वर्षे चौकश्यांचे काम पाहिले आहे, म्हणून वरील उत्तरातील उत्साहाला थोडा लगाम घालणे मला आवश्यक वाटते.

कंपनीने नेमलेला, कंपनीकडून पगार किंवा फी घेणारा चौकशी अधिकारी हा केवळ तेवढ्यावरून पक्षपाती ठरत नाही. कंपनीची कामे करणाऱ्या वकिलाने चौकशी केली म्हणून ती दूषित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सरन मोटर्सच्या प्रकरणात १९६४ सालीच म्हटले आहे. अंतर्गत चौकशी शेवटी मालकच करणार, त्यासाठी बाहेरून न्यायाधीश आणावा अशी कायद्याची अपेक्षा नाही. आरोपपत्रावर सही करणे हेही पुष्कळदा निव्वळ पदामुळे घडते. त्यामुळे "सही त्यांची आणि चौकशीही त्यांचीच" एवढ्याच मुद्द्यावर विसंबून राहिलात, तर कंपनीच्या वकिलाकडे उत्तर तयार असेल. आपला खरा आधार ते घटनेच्या वेळी तेथे उपस्थित होते आणि त्यांनीच आपल्याला बाहेर काढले, हा आहे. ही गोष्ट चौकशीच्या कागदांत कोठे तरी आली आहे का, ते आधी पाहा. निलंबनाच्या पत्रात तसा उल्लेख असेल, तर तो फार मोलाचा आहे.

कंपनीतर्फे प्रतिनिधी नसणे हा दोषही आपोआप निर्णायक ठरत नाही. स्पष्टीकरणासाठी चौकशी अधिकाऱ्याने साक्षीदाराला प्रश्न विचारणे वावगे नाही. तो फिर्यादीची भूमिका घेऊन साक्षीदाराच्या तोंडी उत्तरे घालू लागला की मर्यादा ओलांडली जाते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला होता. आपण उद्धृत केलेला प्रश्न जसाच्या तसा टाइप झाला असेल तर तो या भेदाच्या पलीकडचा आहे, पण अनुभव असा की टाइप होताना प्रश्न गळतो आणि केवळ उत्तर उरते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चौकशी सदोष ठरली म्हणून नोकरी परत मिळाली असे होत नाही. याविषयी वकीलसाहेबांनी लिहावे. माझ्यापेक्षा ते अधिकाराने सांगू शकतील.

उत्तर : कामगार न्यायालयातील वकील

वरील दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत आणि प्रश्नकर्त्याने ती एकत्र वाचावीत. मी क्रमाने न जाता, तातडीचे आहे ते आधी सांगतो.

आपल्याला बडतर्फीचे पत्र ऑक्टोबरअखेरीस मिळाले आहे. महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा अधिनियम आहे. न्यायालयाच्या आवारात त्याला सगळेजण ‘पल्प’ म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीतील पहिल्या बाबीत सूडबुद्धीने, खोट्या आरोपावरून, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अनाठायी घाईने केलेली बडतर्फी ही अनुचित प्रथा मानली आहे. त्याविरुद्धची तक्रार कलम २८ खाली कामगार न्यायालयात नव्वद दिवसांच्या आत करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते आणि तो वाद वेगळाच वेळ खातो. म्हणून जानेवारी अर्धा सरण्यापूर्वी तक्रार दाखल झालेली असावी. याच तक्रारीत कलम ३० खाली अंतरिम दिलासाही मागता येतो, आणि हे आपल्या राज्यातील कामगाराच्या हातातले मोठे हत्यार आहे.

दुसरा मार्ग औद्योगिक विवादाचा, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज, तेथे समेटाचा प्रयत्न आणि नंतर न्यायालय, असा आहे. तो वैयक्तिक कामगारालाही संघटनेशिवाय खुला आहे. मात्र पल्पच्या कलम ५९ नुसार एकाच विषयासाठी दोन्ही दारे ठोठावता येत नाहीत. पुष्कळ कामगार कोणाच्या तरी सांगण्यावरून आधी आयुक्त कार्यालयात अर्ज देऊन येतात आणि मग आमच्याकडे येतात, तेव्हा त्या अर्जाचा अर्थ काय लावायचा यावरच पहिल्या काही तारखा जातात. आपण अद्याप कोठेही अर्ज केला नसेल, तर वकिलाशी बोलण्यापूर्वी करू नये.

नव्या कायद्याविषयी विचारणा होईलच, म्हणून तेही लिहितो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली असून तिने १९२६ चा कामगार संघटना कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा रद्द केले आहेत. पल्प हा राज्याचा कायदा त्या यादीत नाही. आपली चौकशी आणि बडतर्फी हे दोन्ही त्या तारखेपूर्वीचे आहेत, त्यामुळे चौकशी कशी व्हायला हवी होती याचे मोजमाप जुन्या स्थायी आदेशांनीच व्हावे, असे माझे मत आहे. पुढच्या काळासाठी मात्र कामगारांनी लक्षात ठेवावे की संहितेत स्थायी आदेशांची मर्यादा तीनशे कामगारांवर नेली आहे, म्हणजे आपल्यासारख्या दीडशे-दोनशेच्या कारखान्यांतील माणसांचे लेखी संरक्षण पातळ झाले आहे. बडतर्फीचा वाद न्यायाधिकरणापुढे नेण्याची मुदतही तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे.

आता मूळ मुद्दा. न्यायालय अशा प्रकरणात पहिल्या टप्प्यात दोनच प्रश्न पाहते: चौकशी न्याय्य व योग्य झाली का, आणि चौकशी अधिकाऱ्याचे निष्कर्ष पुराव्याशी सुसंगत आहेत की विपरीत. यावरील निर्णयाला आम्ही ‘पार्ट वन’ म्हणतो. चौकशी कशी असावी याचे उत्तर १९६३ च्या सुर एनॅमल प्रकरणापासून बदललेले नाही. कामगाराला आरोप स्पष्ट कळले पाहिजेत, साक्षीदार त्याच्यासमोर तपासले गेले पाहिजेत, त्याला उलटतपास घेता आला पाहिजे, स्वतःचा बचाव व साक्षीदार मांडता आले पाहिजेत, आणि शेवटी चौकशी अधिकाऱ्याने कारणांसह अहवाल लिहिला पाहिजे. आपल्या प्रकरणात घटनेचा साक्षीदारच चौकशी अधिकारी आहे, सहकाऱ्याची मदत नाकारली आहे आणि जबानी अपुरी नोंदवली आहे. तीनही गोष्टी एकत्र मांडल्या तर पार्ट वन आपल्या बाजूने जाण्याची शक्यता चांगली आहे.

अहवालाच्या प्रतीबाबत थोडे सावध राहावे. शिक्षा ठरवण्यापूर्वी अहवालाची प्रत देऊन कामगाराचे म्हणणे मागवले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या प्रकरणात सांगितले, आणि ते खासगी आस्थापनांनाही लागू आहे. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की प्रत न दिल्याने कामगाराचे नेमके काय नुकसान झाले ते पाहावे लागेल. म्हणून नुसते "प्रत दिली नाही" असे न लिहिता, प्रत मिळाली असती तर एअर गनचा खुलासा गाळल्याचे आणि मेमो नसताना मागील सेवा खराब ठरवल्याचे मी त्याच वेळी निदर्शनास आणले असते, असे तक्रारीत लिहावे.

आता जे आमच्या पर्सोनेलच्या मित्राने सूचित केले ते. चौकशी सदोष ठरली तर कंपनीला न्यायालयासमोर प्रथमपासून पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी मागता येते. फायरस्टोन टायरच्या १९७३ च्या निकालाने हा हक्क कायम ठेवला आणि कंपन्यांचे वकील आपल्या कैफियतीत तशी मागणी न चुकता करतात. याचा अर्थ, कारखान्यातील लढाई जिंकल्यावर तीच लढाई शपथेवर पुन्हा लढावी लागते. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की तेथे खुर्चीत एचआर मॅनेजर नसतात. ते फार तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतील आणि त्यांचा उलटतपास आपला वकील घेईल. शेजारच्या मशीनवरच्या ज्या सहकाऱ्याने प्रत्यक्ष ऐकले, तो तेव्हा साक्ष देण्यास तयार असेल का, याचा विचार आजच करावा. तो अजून त्याच कंपनीत आहे, हे विसरून त्याच्यावर रागावू नये.

शिक्षेचे प्रमाण हा वेगळा आधार आहे. समजा काही अपशब्द गेलेच असे न्यायालयाला वाटले, तरी एकही मेमो नसलेल्या, दहा वर्षे काम केलेल्या माणसाला थेट बडतर्फ करणे प्रमाणाबाहेर आहे, असे म्हणता येते. आदर्श स्थायी आदेशांतही शिक्षा देताना आरोपाचे गांभीर्य आणि मागील सेवा विचारात घ्यावी असे स्पष्ट आहे. मात्र निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. डेल्टन केबलच्या १९८४ च्या प्रकरणात शिवीगाळीसाठी दिलेली बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने धक्कादायक ठरवली, तर महिंद्र अँड महिंद्रच्या २००५ च्या प्रकरणात वरिष्ठाला अर्वाच्य शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी कायम केली. म्हणून शिवी नाकारण्याची आपली मूळ भूमिका सोडू नये; सौम्य शिक्षेची मागणी पर्यायी म्हणून ठेवावी.

जाता जाता, निलंबन जूनअखेर ते ऑक्टोबरअखेर होते. पहिले नव्वद दिवस पगाराच्या निम्मा आणि त्यानंतर, विलंब आपल्यामुळे झालेला नसेल तर, पाऊण निर्वाह भत्ता देय होता. शेवटच्या महिन्याच्या पावतीवर निम्माच दिसत असेल तर तो फरक मागायचा राहू देऊ नये.

प्रश्नकर्ता : चाकणचा ऑपरेटर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निलंबनाचे पत्र पुन्हा काढून वाचले. त्यात "खाली सही करणाऱ्यांच्या समक्ष आपण शिवीगाळ केली" असे वाक्य आहे आणि सही एचआर मॅनेजरांचीच आहे. इतके दिवस हे वाक्य माझ्या नजरेतून सुटले होते.

दोन शंका राहिल्या आहेत. कंपनीतून फुल अँड फायनलचा हिशेब घेऊन जाण्यासाठी फोन येत आहेत; पैसे घेतले तर माझा दावा संपतो का? आणि घर चालवण्यासाठी तळेगावच्या एका वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर जाण्याचा विचार आहे, त्याने केस बिघडेल का?

उत्तर : कामगार न्यायालयातील वकील

ते वाक्य म्हणजे कंपनीने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला पुरावा आहे. मूळ पत्र कोणाच्याही हाती देऊ नये; तक्रारीला प्रत जोडावी आणि मूळ कागद साक्षीच्या वेळी न्यायालयात दाखवावा.

भविष्य निर्वाह निधी ही आपली स्वतःची रक्कम आहे आणि ती काढल्याने बडतर्फी मान्य केली असे होत नाही. ग्रॅच्युइटी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तीत कपात करायची तर कायद्यात सांगितलेलीच कारणे लागतात आणि कंपनीने तसा लेखी आदेश काढावा लागतो. धोका आहे तो "माझे कोणतेही येणे राहिलेले नाही व नोकरीबाबत तक्रार नाही" अशा छापील मजकुराखाली सही करण्यात. पैसे बँकेत जमा करावेत असे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्यात बडतर्फीविरुद्धचे सर्व हक्क राखून ही रक्कम स्वीकारत असल्याचे लिहा. कंपनीत जाऊनच सही करण्याची वेळ आली, तर हेच वाक्य सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावे.

रोजंदारीचे काम अवश्य करावे. मागील पगाराबाबत क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालयाच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की चुकीची बडतर्फी रद्द झाल्यावर मागील पगार देणे हा सर्वसाधारण नियम आहे, मात्र आपण बेकार होतो किंवा कमी पगारावर काम करत होतो हे कामगाराने आधी मांडले पाहिजे. त्यानंतर उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर जाते. त्यामुळे तळेगावला मिळेल ती मजुरी लपवू नये. कंपनीचे वकील पीएफचा तपशील काढून साक्षीच्या दिवशी तो समोर ठेवतात आणि एका लपवलेल्या नोंदीमुळे बाकीच्या खऱ्या जबानीवरचाही विश्वास उडतो. किती दिवस गेलात आणि काय मिळाले याची वहीत नोंद ठेवा, आणि ती वही, निलंबनाचे पत्र, आरोपपत्र, आपला खुलासा, चौकशीची पाने, पगारपत्रके व बडतर्फीचे पत्र पाकिटासह घेऊन वकिलाकडे जा. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का लागणार आहे, नव्वद दिवस पत्र मिळाल्यापासून मोजायचे आहेत.